एलीच्या खुर्चीत बसणाऱ्यांना

मराठी मंडळ्यांचे पाळकसाहेब, फादर, बिशपसाहेब आणि कमिटीतले वडीलधारे यांस,

मी संडे स्कूलची बाई. तीसेक वर्षं लहान मुलांचा वर्ग माझ्याकडे आहे. बाळ शमुवेलाचा धडा किती वेळा शिकवला याची मोजदाद नाही. आमच्याकडे त्याची जुनी चित्रं आहेत, फ्लॅनेलच्या फळ्यावर चिकटवायची. पांढरा झगा घालून गुडघे टेकलेला कुरळ्या केसांचा पोरगा, शेजारी दिवा, मागे अंथरुणावर म्हातारा एली. रात्री देव हाक मारतो, पोरगं उठून एलीकडे धावतं, एली म्हणतो मी नाही बोलावलं, जाऊन झोप. असं तीनदा. चौथ्या हाकेला शमुवेल, एलीने पढवल्याप्रमाणे, ऐकायला तयार असल्याचं देवाला सांगतो. इथे आम्ही फळा आवरतो, गाणं म्हणतो आणि बिस्किटं वाटतो.

मागच्या पावसाळ्यात दुसरीतल्या एका मुलीने बिस्कीट हातात धरून विचारलं, "बाई, मग देव काय म्हणाला?"

मी म्हटलं, "ते मोठ्यांच्या वर्गात."

खोटं बोलले. मोठ्यांच्या वर्गात ते नसतं. पुलपिटावरून तर मी ते साठ वर्षांत एकदाही ऐकलेलं नाही. म्हणून हे पत्र, आणि ते तुम्हाला.

देवाने त्या रात्री एका अजाण पोराला एका याजकाच्या घराण्याचा निकाल सांगितला. एलीची मुलं काय करतात ते एलीला ठाऊक होतं आणि त्याने त्यांना आवरलं नाही, म्हणून त्या घराचा न्याय होणार, आणि कुठल्याही यज्ञाने, कुठल्याही अर्पणाने तो दोष फिटणार नाही. जो माणूस उभं आयुष्य दुसऱ्यांच्या पापांसाठी वेदीवर यज्ञ करत आला, त्याच्या स्वतःच्या घरापुरती ती वेदी बंद झाली. ही शिक्षा मला कुठल्याही आगीपेक्षा भयंकर वाटते.

मुलांनी केलं काय होतं? शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडा. चोरी म्हणावी तर तिजोरी फोडली नव्हती. एली याजक होता त्या शिलोला लोक वर्षाचा यज्ञ घेऊन येत. शमुवेलाचा बाप एल्काना याच्यासारखा माणूस बायकामुलांना घेऊन डोंगराळ वाटेने यायचा, जनावर अर्पण करायचा. चरबी वेदीवर जाळायची, ती परमेश्वराची. मग याजकाचा हिस्सा, तोही नियमाने ठरलेला: लेवीयाच्या पुस्तकात ऊर आणि उजवी मांडी सांगितली आहे. उरलेलं कुटुंबाने देवापुढे बसून खायचं. वर्षातून एकदा पोटभर मांसाचं जेवण, तेही देवाच्या पंगतीला. एलीची मुलं हफनी आणि फिनहास यांच्या कारभारात काय व्हायचं, तर मांस शिजत असतानाच त्यांचा गडी हातात तीन दात्यांचा काटा घेऊन हजर. हंडी असो, कढई असो, परात असो, काटा आत खुपसायचा आणि वर येईल ते याजकाचं. पुढे पुढे तेवढ्यानेही भागेना. चरबी जाळण्याच्या आधीच गडी येऊन म्हणे, शिजलेलं नको, कच्चं द्या, साहेबांना भाजून खायचं आहे. भाविक गयावया करी, अहो, आधी चरबी तर जाळू द्या, मग हवं तेवढं न्या. गडी म्हणे, आत्ता दे, नाहीतर हिसकावून नेईन.

त्या भाविकाचं बोलणं मला फार लागतं. तो आपल्या वाटणीसाठी भांडत नाही. देवाचं आधी होऊ द्या, एवढंच म्हणतो. याजकाला धर्म शिकवायची वेळ यजमानावर आली होती.

माझ्या लहानपणी एका गावच्या मंडळीत कापणीचा सण व्हायचा. बायका ज्वारी, बाजरी, दुधी, वांगी, कोंबड्या आणायच्या. उपासनेनंतर त्याचा लिलाव होऊन पैसे मंडळीच्या कामाला जायचे. एक म्हातारी दरवर्षी बारा अंडी आणायची. फुटू नयेत म्हणून बाजरीच्या टोपलीत एकेक रोवून, वर फडकं बांधून. एका वर्षी लिलाव सुरू व्हायच्या आधी आतल्या खोलीतून निरोप आला, अंडी आणि ती तांबडी कोंबडी बाजूला ठेवा, बंगल्यावर पाहुणे आहेत. कुणी काही बोललं नाही. पाच-दहा रुपयांची गोष्ट. म्हातारी फडक्याची घडी करत तशीच बसून राहिली. पुढच्या वर्षी तिने नुसती बाजरी आणली. त्याच्या पुढच्या वर्षी ती आली, पण टोपली नव्हती. हफनी आणि फिनहास यांच्या पापाबद्दल शास्त्राने जे म्हटलं आहे, त्यांच्यामुळे लोकांना परमेश्वराचं अर्पणच नकोसं झालं, त्याचा अर्थ मला त्या रिकाम्या हातांवरून कळला.

त्याच अध्यायात दुसरं पाप आहे आणि त्याच्याकडे डोळेझाक करून मी पुढे जाणार नाही. दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या बायकांना एलीच्या मुलांनी सोडलं नव्हतं. त्या बायकांची नावं नाहीत, त्यांचं म्हणणं नोंदलेलं नाही. पण गोष्ट चारचौघांत झाली होती, कारण एली स्वतःच म्हणतो की ती सगळ्या लोकांकडून त्याच्या कानावर आली. म्हणजे मंडळीला माहीत होतं. दारात झाडलोट करणारीपासून गाभाऱ्यातल्या म्हाताऱ्यापर्यंत.

एलीने मुलांना झापलं नाही असं नाही. बोलला. बरं बोलला. माणसाने माणसाचा अपराध केला तर मध्यस्थ मिळेल, देवाचाच अपराध केला तर रदबदली कोण करणार, असा सुरेख प्रश्न विचारला. मग आपल्या खुर्चीत जाऊन बसला. काटा काढून घेतला नाही, वेदीवरून हटवलं नाही, त्या बायकांना बोलावून एक शब्द विचारला नाही. आणि देवाचा एक माणूस येऊन त्याच्या तोंडावर जे सांगून गेला ते आणखी कडू आहे: लोकांच्या अर्पणातल्या उत्तम उत्तम भागांवर तुम्ही सगळेच पुष्ट झालात. 'तुम्ही' म्हटलं आहे, 'तुझी मुलं' नव्हे. त्या काट्याला लागलेलं मांस एलीच्या ताटातही येत होतं.

सकाळी शमुवेलाकडून निरोप ऐकल्यावर एली म्हणाला की तो परमेश्वर आहे, त्याला बरं दिसेल ते करो. या उत्तरावर मी भरपूर उपदेश ऐकले आहेत. काय ती नम्रता, काय तो शरणभाव. माफ करा, मला ती नम्रता वाटत नाही. घराला आग लागल्याचं कळूनही बादली न उचलणाऱ्याचं ते बोलणं आहे. दोन्ही मुलं अजून जिवंत होती, अजून वेदीवर उभी होती. त्यांना घरी बसवायला एलीला एक दिवस पुरला असता. त्याने देवाच्या इच्छेवर सोडलं, आणि खरं तर देवाने ते त्याच्यावर सोडलं होतं.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. पलिष्ट्यांशी झालेल्या अफेकच्या लढाईत आधी चार हजार पडले, तेव्हा वडीलधाऱ्यांना सुचलं की शिलोहून कराराचा कोश आणावा. कोशाबरोबर हफनी आणि फिनहासही आले. छावणीत असा जयघोष झाला की जमीन दणाणली. मग तीस हजार पायदळ पडलं, कोश पलिष्ट्यांच्या हाती गेला, दोघे भाऊ मेले. त्या तीस हजारांपैकी कितीजणांच्या हंडीत तो काटा खुपसला गेला असेल? याजकाच्या पापाची किंमत याजकाने चुकवली, पण आधी ती त्यांनी चुकवली. एली अठ्ठ्याण्णव वर्षांचा, डोळे गेलेले, रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसला होता. मुलं गेल्याचं ऐकून तो हलला नाही. कोश गेल्याचं ऐकलं आणि मागे कोसळला. अंगाने जड होता, मान मोडली. इब्रीत जड आणि गौरव हे शब्द एकाच धातूतून येतात, आणि सांगणाऱ्याने ते जाणून वापरले असावेत: जड म्हातारा खुर्चीतून पडतो, आणि त्याच घटकेला त्याची सून प्रसूतीच्या वेणांत मरता मरता बाळाचं नाव ठेवते, ईखाबोद, गौरव गेलं. एली पहिल्यांदा भेटतो तेव्हाही खुर्चीतच असतो, मंदिराच्या दाराशी. समोर शमुवेलाची होणारी आई हन्ना रडत प्रार्थना करते आहे आणि त्याला वाटतं, बाई प्यायलेली आहे. खुर्चीतून रडणारी बाई दारुडी दिसते आणि पोटची पोरं ठीक दिसतात. ही खुर्चीच तशी आहे. तीत कोणीही बसो.

आता मुद्द्याचं. काही वर्षांपूर्वी एका मंडळीच्या वार्षिक सभेत मी छपराच्या निधीचा हिशेब विचारला होता. रागाने नाही. रविवारी अर्पणाच्या मखमली थैल्या आतल्या टेबलावर उलट्या करून मोजणाऱ्यांत मीही असायची. दहा-दहाच्या नाण्यांच्या उतरंडी लावायच्या, चुरगळलेल्या नोटा हाताने सरळ करायच्या, वहीत दोघांनी सही करायची. त्यामुळे आत किती आले ते मला ठाऊक होतं. बाहेर कसे गेले, एवढंच विचारलं. उत्तर मिळालं ते आकड्यात नव्हतं. परमेश्वराच्या अभिषिक्ताला हात लावू नये, असं शास्त्र सांगतं, बाई. सभेने आमेन म्हटलं.

मी घरी जाऊन ते वचन काढलं. स्तोत्र १०५. तिथले अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब. मोजकी माणसं, परक्या मुलखात तंबू पाठीवर घेऊन हिंडणारी, ना जमीन ना सैन्य. आणि हात लावू नका असं सांगितलं आहे ते राजांना. म्हणजे ते वचन दुबळ्याला बलवानापासून राखायला दिलेलं आहे. ज्याच्या हाती मंडळीच्या तिजोरीची किल्ली आहे त्याने, अंडी आणणाऱ्या म्हातारीच्या तोंडावर ते फेकायचं, हा उफराटा न्याय तुम्ही कुठल्या सेमिनरीत शिकलात?

दावीदाचं उदाहरणही हमखास दिलं जातं. त्याने शौलाला मारलं नाही, अभिषिक्त म्हणून. बरोबर. पण एन-गेदीच्या गुहेत त्याने शौलाच्या झग्याचा काठ कापला, आणि नंतर बाहेर येऊन, तीन हजार शिपायांच्या देखत, तो काठ हातात धरून ओरडून विचारलं की माझा काय अपराध, का मागे लागला आहेस. जिवाला हात लावायचा नाही. जाब मात्र उघड, पुराव्यानिशी विचारायचा. आणि लेवीयाच्या चौथ्या अध्यायात तर अभिषिक्त हाच शब्द वापरून सांगितलं आहे की अभिषिक्त याजकाच्या हातून पाप घडलं तर काय करायचं. घडणारच नाही, असं नाही. त्याच्यासाठी गोऱ्हा सांगितला आहे. सगळ्या मंडळीने मिळून पाप केलं तरी गोऱ्हाच. अधिकाऱ्याला बकरा, साध्या माणसाला बकरी किंवा कोकरी. हा तराजू पाहा: एका याजकाचं पाप अख्ख्या मंडळीच्या पापाएवढं भरतं. याकोबाने आपल्या पत्रात शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होईल असं बजावलं, तेव्हा तो हेच जुनं माप पुन्हा वाचत होता.

"देव बघून घेईल," असंही तुम्ही म्हणता, आणि खरं सांगायचं तर आम्हीही म्हणतो. देव बघतोच. पण शास्त्रात तो पुन्हा पुन्हा कुणातरी माणसाच्या तोंडून बघतो. एलीकडे एक निनावी माणूस आणि एक पोरगा पाठवला. दावीदाकडे नातान, कोकराची गोष्ट घेऊन. इ.स.पूर्व ६०९च्या सुमारास यिर्मयाला मंदिराच्या दारातच उभं केलं आणि त्याने काय सांगावं? शिलोला जाऊन बघा. जिथे माझं नाव होतं तिथे आता काय उरलं आहे ते पाहून या. यरुशलेमच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर ती जागा आजही आहे. १९८१ ते १९८४ मध्ये पुरातत्त्वज्ञ इस्राएल फिंकेलस्टीन यांनी तिथे खोदलं तेव्हा इ.स.पूर्व अकराव्या शतकातल्या आगीचा थर लागला, कोसळलेल्या भिंतींखाली साठवणीचे मोठे रांजण चिरडलेले.

यिर्मयाचं पुढे काय झालं ते त्याच्या सव्विसाव्या अध्यायात आहे आणि हा प्रसंग मी तुम्हा सगळ्यांना, पाया पडून म्हणते, एकदा मोठ्याने वाचायला सांगते. त्याला पकडलं याजकांनी आणि संदेष्ट्यांनी. याला ठार करा म्हणाले तेही तेच. सोडवलं कोणी? राजवाड्यातून आलेल्या सरदारांनी, आणि देशातल्या काही वडीलधाऱ्यांनी. त्या म्हाताऱ्यांनी उठून शंभरएक वर्षांपूर्वीची आठवण काढली: मोरेशेथच्या मीखानेही हेच सांगितलं होतं, तेव्हा हिज्कीया राजाने त्याला मारलं का? ज्यांना मंदिराची पोथी तोंडपाठ होती ते दगड शोधत होते, आणि ज्यांना फक्त आठवण होती त्यांनी माणूस वाचवला. मंडळीत बाकावर बसणाऱ्यांचं काम काय, याचं मला मिळालेलं उत्तर हे.

आपल्याकडेही हे नवं नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि थोड्याच दिवसांत, त्यांनी कुणाला शिकवावं हे बिशपांनी ठरवण्यावरून, त्यांचा आपल्याच धर्मभगिनींशी पत्रांतून वाद झाला. देवाला सदसद्विवेक दिला आहे तो बिशपांना परस्पर देता येणार नाही, असा त्यांचा एकूण सूर. नारायण वामन टिळक १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून बाहेर पडले. दोघांनीही विश्वास सोडला नाही. रमाबाईंनी पुढे केडगावला बसून मूळ भाषांतून अख्खं शास्त्र मराठीत आणलं. एलीचा काटाही त्यात आलाच.

तुमच्यावरच सगळं ढकलते असं वाटू नये म्हणून सांगते. यहेज्केलाचा चौतिसावा अध्याय तुम्हाला ठाऊक आहे: मेंढपाळ स्वतःलाच चारतात, चरबी खातात, लोकर पांघरतात, दुखापत झालेल्या मेंढराला पट्टी बांधत नाहीत. पण तो अध्याय तिथे संपत नाही. पुढे देव मेंढरामेंढरांतही न्याय करतो. धष्टपुष्ट मेंढरं चांगला चारा खातात आणि उरलेला तुडवतात, स्वच्छ पाणी पितात आणि बाकीचं पायांनी गढूळ करतात, खांद्याने धक्के मारून अशक्तांना पांगवतात. ही कमिटीतली मंडळी. ही मी. लिलावाच्या दिवशी माझी आई पुढच्याच रांगेत होती, मी तिच्या शेजारी, आणि आम्हाला त्या म्हातारीचं नावही ठाऊक होतं. छपराच्या सभेनंतर मी तरी पुन्हा कुठे विचारलं? थैल्या मोजायला जाणं तेवढं बंद केलं, आणि त्याला स्वाभिमान म्हटलं.

आणखी एक. म्हातारपणी शमुवेलाने लोकांपुढे उभं राहून विचारलं की मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, कुणाकडून लाच घेतली, सांगा, परत करतो. शास्त्रातला हा माझा सर्वांत आवडता हिशेब. न मागता दिलेला, आणि देणारा स्वतः उभा. पण हाच शमुवेल, ज्याने पोरवयात एलीला त्याच्या पोरांबद्दलचा निरोप दिला, त्याने आपल्या दोन मुलांना बैरशेब्यात न्यायाधीश नेमलं आणि ती लाच खाऊ लागली. त्या रात्रीचे शब्द ज्याने स्वतःच्या कानांनी ऐकले, त्यालाही आपल्या घरातला काटा दिसला नाही. म्हणून म्हणते, तुम्ही वाईट आहात असं माझं म्हणणं नाही. खुर्चीतून दिसत नाही, एवढंच. विचारणारं कोणी हवं.

पौलाला हे कळलं होतं. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली तेव्हा ती घेऊन जायला त्याने मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला, कुणी बोट दाखवू नये म्हणून, आणि देवासमोरच नव्हे, माणसांसमोरही गोष्ट चोख असावी, असं कारण दिलं. पौलाला जे लागलं ते आपल्याला लागू नये? तीमथ्याला तो लिहितो की दोघातिघांच्या साक्षीवाचून वडिलांवरचा आरोप ऐकून घेऊ नको. हे वाक्य तुमच्या तोंडपाठ असतं. त्याच्या लगतचं वाक्य असं की पाप करणाऱ्यांना सर्वांसमोर दोष दे. तेवढं पान नेमकं चिकटलेलं असतं.

मागणं मोठं नाही. दरवर्षीचा हिशेब सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यामुळे धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत जातोच. तोच कागद एका रविवारी उपासनेनंतर मराठीत वाचून दाखवा. मंडळीतल्या एखाद्या बाईने तक्रार आणली तर ती ज्याच्याबद्दल आहे त्याच्या मित्रांनी ऐकू नये. बाहेरचे दोघे बसवा, त्यात एक तरी बाई असू द्या, आणि तोवर त्या माणसाला वेदीपासून दूर ठेवा. अभिषिक्ताचं वचन पुन्हा सभेत काढायचं झालं तर अख्खं स्तोत्र वाचून काढा.

त्या मुलीला मी उत्तर देणं लागते. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी शमुवेलाचा धडा पुन्हा घेणार आहे, या वेळी चौथ्या हाकेच्या पुढे. कापडी फळ्यासाठी एक खुर्ची आणि एक काटा कापून ठेवला आहे. काट्याचे दाते जरा वाकडे झालेत, कात्री बोथट होती. शमुवेल त्या रात्री निरोप घेऊन सकाळपर्यंत पडून राहिला, सांगायची भीती वाटत होती, आणि उजाडल्यावर आधी उठून त्याने परमेश्वराच्या घराची दारं उघडली. त्याचं चित्र आमच्या संचात नाही, ते मुलांकडूनच काढून घेईन. वर्ग सव्वानऊला असतो, मागच्या व्हरांड्यात. आपल्यापैकी कोणाला यायचं असेल तर या. बसायला सतरंजी आहे.

आपली,
संडे स्कूलची बाई